बिलोर : नानीच्या कपाटातला आणि इतिहासातला

नानीच्या घरी माजघराच्या भिंतीत एक काचेचे कपाट होते. त्याची किल्ली नानीच्या कमरेला असे. आत चिनी मातीच्या बश्या, एक अत्तरदाणी, नानांचा जहाजावरचा फोटो आणि सगळ्यांत वरच्या फळीवर एक जग व सहा पेले. जाड, जड आणि अंगभर चौकडीची नक्षी कोरलेले. दुपारच्या उन्हाची तिरीप कपाटावर आली की समोरच्या भिंतीवर रंगांचे ठिपके उमटत आणि आम्ही मुले ते हाताने पकडायला धावत असू. नाना मालवाहू जहाजावर सारंग होते. कोकणच्या किनाऱ्यावरच्या आपल्या कितीतरी घरांतून त्या काळी पुरुष जहाजावर जात. कुणी खलाशी, कुणी टिंडेल, कुणी सारंग. येताना तिकडची एखादी चीज घेऊन येत. हा जग तसाच आलेला. नानीने त्याला कधी काच म्हटले नाही. ती म्हणे, "बिलोर आहे, हात लावू नका."

नानीच्या इंतकालनंतर वाटणीचा विषय निघाला. घराची कौले बदलायची होती, पैसा हवा होता. मामूंनी मुंबईच्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला बोलावले. त्याने जग उचलून पाहिला, उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "बेल्जियम आहे. सगळ्या सेटचे आठशे देतो." मामू तयार होते. मी म्हटले, "मामू, एक महिना थांबा."

मी उर्दू शाळेत इतिहास शिकवते. पुराव्याशिवाय काही मानू नका, असे मुलांना रोज सांगते. पण घरातली ही वस्तू कुठली, कधीची, खरी की नकली, याचा पुरावा मी स्वतः कधी शोधला नव्हता. त्या महिन्यात शोधायला लागले आणि महिन्याची दोन वर्षे झाली.

सुरुवात नानीच्या शब्दापासूनच करावी लागली. बिलोरी आरसा, बिलोरी काच हे शब्द मराठीत सगळेच वापरतात. ते आले फारसी-अरबीतल्या 'बिल्लौर'वरून. बिल्लौर म्हणजे स्फटिक. जमिनीतून निघणारा, पाण्यासारखा स्वच्छ दगड. गंमत अशी की हा शब्द अरबांचाही मूळचा नाही. भाषेचे अभ्यासक त्याचा माग ग्रीक 'बेरिलोस'पर्यंत नेतात आणि तिथून प्राकृत 'वेरुलिय' व संस्कृत 'वैडूर्य' या शब्दांपर्यंत. म्हणजे हिंदुस्थानातून निघालेला शब्द ग्रीक, अरबी, फारसी अशी मुशाफिरी करून पुन्हा मराठीत आला आणि कोकणातल्या एका न शिकलेल्या बाईच्या तोंडी बसला.

आता स्फटिकाचे नाव काचेला का पडले? कारण काच कोरणारे कारागीर अनेक शतके स्फटिकाचीच नक्कल करत होते. काच हवेत फुंकून फुगवायची आणि थंड झाल्यावर फिरत्या चाकावर धरून, दगडासारखी, तिचा भाग घासून काढायचा. कटग्लास म्हणतात ती हीच. नक्षी काचेवर चढवलेली नसते, काच कमी करून काढलेली असते.

ही कला इस्लामच्या आधीची आहे, हे आधीच सांगितलेले बरे. रोमन लोकांना ती येत होती. इराणात सासानी बादशहांच्या काळात जाड काचेच्या वाडग्यांवर गोल गोल खळगे कापत, मधमाशीच्या पोळ्यासारखे. असा एक वाडगा जपानमध्ये नारा इथल्या शोसोइन या खजिन्यात आजही अखंड आहे. त्यावर सुमारे ८० खळगे आहेत. इराणातून जपानपर्यंत तो न फुटता गेला आणि हजाराहून जास्त वर्षे न फुटता राहिला! आपल्याकडे एक बशी एसटीने रत्नागिरीहून पनवेलपर्यंत धड जात नाही.

मुसलमानी राजवटीत या कलेला जे वैभव आले त्याचे एक कारण दस्तरखानाशी संबंधित आहे. सोन्या-चांदीच्या भांड्यांतून खाणे-पिणे हदीसने मना केले. मग अमीर-उमरावांनी शौक करायचा कशाचा? उत्तम मातीची भांडी, काच आणि बिलोर यांचा. बाराव्या शतकातल्या 'हिदाया' या हनफी फिक्हच्या ग्रंथात शिसे, काच, बिलोर आणि अकीक यांची भांडी वापरायला हरकत नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. केवळ एका मनाईमुळे ही कला वाढली असे मी म्हणणार नाही, कारण मनाई असूनही सोन्या-चांदीचे पेले बादशहांच्या मैफलीत होतेच. पण काचेला इज्जत मिळायला त्याची मदत झाली, असे मानायला जागा आहे.

इराकमधल्या सामर्राच्या आणि इराणमधल्या निशापूरच्या उत्खननात नवव्या-दहाव्या शतकातली कोरीव काच सापडली. निशापूरला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९३५ पासून खोदकाम केले होते. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या खजिन्यात फिरोजी रंगाच्या काचेचा एक वाडगा आहे. त्यावर ससे कोरलेले आहेत आणि बुडाला अरबी लिपीत 'खुरासान' असे आहे. अमेरिकेतल्या कॉर्निंग म्युझियममध्ये सन १००० च्या सुमाराची एक सुरई आहे. तिच्या कारागिराने स्वच्छ काचेवर हिरव्या काचेचा थर चढवला आणि नंतर चाकावर तो जवळजवळ सगळा घासून टाकला. मागे राहिली ती फक्त हिरवी चित्रे. अशी भांडी पाहणाऱ्याला मेहनत दिसत नाही, कारण मेहनत सगळी घासून गेलेल्या भागात आहे.

खऱ्या बिलोरचे, म्हणजे स्फटिकाचे काम कैरोत शिखराला पोचले. अल-बिरूनीने रत्नांवरच्या आपल्या किताबात लिहिले आहे की स्फटिकाचा कच्चा माल पूर्व आफ्रिकेकडून बसऱ्याला येई. नासिर खुसरो १०४७ च्या सुमारास कैरोत होता. जुन्या शहरात अम्र मशिदीजवळच्या दिव्यांच्या बाजारात स्फटिक कोरणारे उस्ताद त्याने पाहिले. फातिमी खलिफांच्या खजिन्यात अशा वस्तू हजारोंनी होत्या. १०६० नंतरच्या दशकात दुष्काळ पडला, पगार थकलेल्या फौजेने खजिना लुटला आणि ती भांडी बाजारात विकली गेली. काही युरोपच्या चर्चमध्ये पोचली. तिथे ती संतांचे अवशेष ठेवण्यासाठी वापरली गेली. अरबी दुआ कोरलेल्या भांड्यात ख्रिस्ती संतांची हाडे! वाचता येत नव्हते म्हणून नव्हे, वस्तू सुंदर होती म्हणून.

स्फटिकाच्या एकाच तुकड्यातून कोरलेल्या फातिमी सुरया जगात अगदी मोजक्या, सातच्या आसपास उरल्या. त्यांतल्या दोघींची हकिगत इथे सांगते, कारण माझ्या जगाचा फैसला करताना त्या दोन्ही माझ्या डोळ्यांपुढे होत्या.

एक फ्लॉरेन्सच्या पिटी राजवाड्यातली. तिच्यावर हुसैन बिन जौहरचे नाव होते. कैरो वसवणारा सरदार जौहर, त्याचा हा मुलगा. म्हणजे सुरई सन १००० च्या सुमाराची. १९९८ मध्ये म्युझियमच्याच एका कर्मचाऱ्याच्या हातून ती पडली आणि चक्काचूर झाली. धर्मयुद्धे, महायुद्धे, पूर या सगळ्यांतून वाचलेली वस्तू एका हाताच्या निसटण्याने गेली.

दुसरी २००८ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या एका गावच्या लिलावात आली. तिला एकोणिसाव्या शतकात सोन्याची, मिनाकाम केलेली युरोपीय जोड दिली होती. त्यामुळे 'फ्रेंच सुरई' असे लिहून किंमत धरली होती १०० ते २०० पौंड. दोन-चार जाणकारांनी मात्र ओळखले, आणि बोली २ लाख २० हजार पौंडांवर गेली. नंतर तो व्यवहार रद्द झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनला ती ३१ लाख पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली. लिलावात बसलेल्यांनी तिची जोड पाहिली, अंग पाहिले नाही.

हे वाचल्यावर माझे डोके फिरले, हे कबूल करते. शाळेतल्या एका कार्यक्रमात मी मुलांपुढे ठासून बोलले की काच कोरायला युरोपला आपणच शिकवले. टाळ्या पडल्या. घरी येऊन पुन्हा किताबे चाळली तेव्हा शरम वाटली. तसा पुरावा नाही. आपल्याकडे प्रत्येक गोष्ट आपणच शोधली असे म्हणायची एक खोड आहे, आणि मी तिला बळी पडले होते.

युरोपातल्या कामाची कुळकथा अशी. प्रागमध्ये सम्राट रुडॉल्फच्या दरबारी कॅस्पर लेमन नावाचा रत्ने कोरणारा होता. त्याने तेच चाक काचेला लावले आणि १६०९ मध्ये त्याला या कामाचा खास परवाना मिळाला. म्हणजे तिथेही वाट स्फटिकाकडून काचेकडेच गेली, पण त्यांची त्यांनी शोधली. पुढे लंडनच्या जॉर्ज रेवनस्क्रॉफ्टने १६७४ मध्ये नव्या काचेचे पेटंट घेतले. या काचेत शिशाची भस्म मिसळायला त्याने सुरुवात केली. शिशाने काच मऊ होते, चाकाखाली सहज कापली जाते आणि प्रकाश जास्त वाकवते. भिंतीवर रंगांचे ठिपके पडतात ते त्यामुळे.

मग सरकारने त्यात हात घातला. इंग्लंडने १७४५ मध्ये काचेवर वजनावर कर बसवला. जाड काच महाग झाली, म्हणून भांडी पातळ झाली आणि कापकाम उथळ. आयर्लंडला १८२५ पर्यंत हा कर नव्हता आणि १७८० पासून बाहेर माल विकायची मोकळीक मिळाली. लगेच १७८३ मध्ये वॉटरफर्डचा प्रसिद्ध कारखाना निघाला, कारागीर इंग्लंडमधून गेले. हे मला फार शिकवून गेले. भांड्याची जाडी पाहून आपण म्हणतो, काय उस्तादी आहे! आणि तिच्यामागे असतो कर वसूल करणारा कारकून. इंग्लंडमधला कर १८४५ मध्ये उठला आणि सहाच वर्षांनी, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात, बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने २७ फूट उंच, चार टनांचे काचेचे कारंजे उभे केले.

या ऑस्लरचा आपल्याशी सरळ संबंध आहे. १८४० च्या दशकातच त्यांनी कलकत्त्याला दुकान काढले. इजिप्तच्या इब्राहिम पाशासाठी त्यांनी मोठमोठी काचेची शमादाने केली. त्यानंतर हिंदुस्थानातल्या राजे-नवाबांच्या ऑर्डरी आल्या. हंड्या-झुंबरे, हुक्क्याची बुडे, गुलाबदाण्या, एवढेच काय काचेच्या खुर्च्या आणि पलंग. उदयपूरच्या महाराणा सज्जनसिंहांनी १८७७ मध्ये असा सरंजाम मागवला. तो वापरण्याआधीच १८८४ मध्ये ते वारले. बेल्जियममध्ये लीजजवळ व्हाल सेंट लॅम्बर्टचा कारखाना १८२६ चा. तिथला मालही इकडे येई, आणि बेल्जियमचे आरसे तर इतके आले की पुढे आपल्या बाजारात प्रत्येक चांगल्या काचेला 'बेल्जियम' हेच नाव पडले. त्यामुळे व्यापारी 'बेल्जियम' म्हणतो तेव्हा तो देश सांगत नसतो, भाव सांगत असतो.

आपल्या महाराष्ट्रातही काच झाली. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, ओगले यांचा कारखाना १९१६ चा. पण कंदील, चिमण्या ही लोकांच्या गरजेची कामे त्यांनी केली. मोहरमच्या, उरुसाच्या रात्री कितीतरी गावांत तेच कंदील जळले असतील. त्यांची वेगळी कथा कुणीतरी लिहायला हवी.

आता माझ्या जगाकडे येते. ओळखायचे कसे, हे वाचकांनाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, बोट. कापलेल्या नक्षीच्या कडा बोटाला धारदार लागतात. साच्यात दाबून केलेल्या काचेच्या कडा गोल, साबणाच्या वडीसारख्या लागतात. अशी दाबकाम केलेली काच अमेरिकेत १८२० च्या दशकात निघाली. गरिबाघरचा कटग्लास तो हाच, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. साच्याची काच असेल तर कुठेतरी बारीक उभी सांध्याची रेघ असते. ती कधी कधी नक्षीत लपवलेली असते, म्हणून भिंगाने पाहावे. आतली बाजूही चाचपावी. बाहेर नक्षी खोल आणि आत अगदी गुळगुळीत, तर काम चाकाचे असण्याची शक्यता जास्त. हाताच्या कामात रेषा कुठे ना कुठे किंचित चुकते, दोन रेषा जिथे भेटायच्या तिथे एक पुढे गेलेली असते. सगळे अगदी एकसारखे असेल तर शंका घ्यावी.

दुसरी, वजन आणि आवाज. शिशाची काच हाताला जड लागते आणि पातळ पेल्याची कड नखाने हलके टिचकावली तर आवाज घंटेसारखा लांबतो. पण जाड जग किंवा वाडगा खरा असूनही असा वाजत नाही, तेव्हा चमच्याने ठोकून परीक्षा घेऊ नये. मी एका किराणा दुकानदाराकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो त्याखाली पेले धरले. शिशाची काच त्या उजेडात निळसर दिसते, साधी काच बहुधा हिरवट. दुकानदाराला वाटले, बाई खोट्या नोटांचा नवा प्रकार दाखवतेय.

तिसरी, बूड. पन्नास-शंभर वर्षे फळीवर सरकलेल्या भांड्याच्या बुडाला बारीक, आडव्यातिडव्या, वेगवेगळ्या लांबीच्या ओरखड्यांची वर्तुळाकार झीज असते. एकाच दिशेचे, एकाच खोलीचे ओरखडे असतील तर ते कुणीतरी सँडपेपरने केलेले समजावे. बूच असलेली सुरई असेल तर बुचाच्या दांड्यावर आणि सुरईच्या तोंडाशी कधी कधी एकच आकडा ओरखडलेला असतो. आकडे जुळले नाहीत तर बूच दुसऱ्याचे, आणि किंमत बरीच खाली. कडेचा टवका घासून सपाट केला असेल तर पेला त्याच्या भावंडांपेक्षा केसभर बुटका दिसतो. कारखान्याची खूण सगळ्यांवर नसते. फ्रान्सच्या बकाराने काचेवर खूण नियमित कोरायला १९३६ मध्ये सुरुवात केली. तेव्हा खूण नाही म्हणून वस्तू नकली असे ठरत नाही, आणि खूण आहे म्हणून ती फार जुनीही नसते.

या सगळ्या कसोट्यांत माझा जग शिशाचा, हाताने कापलेला निघाला. पण कापांच्या आतली चमक अगदी सारखी, ओलसर होती. जुन्या काळी झिलई लाकडी चाकावर चोळून देत, तिथे बारीक रेघा राहतात. साधारण १९०० नंतर काच तेजाबात बुडवून चमक आणू लागले. माझ्या जगाची चमक तेजाबाची आहे. म्हणजे तो विसाव्या शतकातला, बहुधा नाना जहाजावर होते त्याच काळात कुठल्या तरी बंदरातल्या दुकानातून घेतलेला. फातिमी नाही, वॉटरफर्ड नाही. अशा कामाला आज युरोपातही फार मोठा भाव नाही, लोकांची आवड बदलली आहे. व्यापाऱ्याने आम्हाला लुटले नव्हते, थोडे दाबले होते एवढेच.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवते. आपल्यातली कितीतरी कुटुंबे आखातात, आफ्रिकेत, इंग्लंडमध्ये आहेत आणि जाताना घरातली जुनी चीज आठवण म्हणून बॅगेत टाकतात. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुराणवस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू जुनी वाटत असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडून दाखला घ्यावा.

जतनाचे नियम नानीला सगळे ठाऊक होते, कारणे ठाऊक नव्हती. ती घमेल्यात जाड टॉवेल अंथरून एका वेळी एकच पेला कोमट पाण्यात धुई. कारण शिशाची काच मऊ, लगेच ओरखडते, आणि गरम-थंडाचा झटका बसला की तडकते. म्हणून उकळते पाणी नको आणि आतून एकदम बर्फही नको. जग उचलताना कानाला धरून उचलू नये, बुडाखाली हात द्यावा. कान जिथे चिकटवलेला असतो ती जागा सगळ्यांत कच्ची. पेल्यात पेला घालू नये. कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाटात ओल साचली की काच आतून धुरकट होते, आणि हा धुरकटपणा काचेच्या अंगातच गेला की कशानेही जात नाही. बूच लावून ठेवलेल्या सुरईत पाण्याचा थेंब राहू देऊ नये. नुसता क्षाराचा पांढरा थर असेल तर पांढऱ्या व्हिनेगरने निघतो. भांडी धुण्याच्या यंत्रात मात्र हा माल कधीच घालू नये.

आणखी एक. नानी या जगातून कोकमाचे सरबत देई, पण मेहमान उठले की उरलेले लगेच ओतून टाकी. आता कळते ते बरोबर होते. आंबट पदार्थ शिशाच्या काचेत पडून राहिला तर शिसे त्यात उतरते. घोटभर पिण्याने काही होत नाही, पण सरबत, लोणचे, व्हिनेगर त्यात साठवू नये. लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्यातून देऊच नये.

सगळे तपासून झाले तेव्हा एक पेला वेगळा निघाला. पाचांच्या कडा धारदार, सहाव्याच्या गोल. जांभळ्या दिव्याखाली पाच निळसर, सहावा हिरवट. भिंगाखाली नक्षीच्या आड उभी रेघ. साच्यातला, बाजारू. मी धाकट्या खालांना विचारले. त्या आधी गप्प राहिल्या, मग हसल्या. त्यांच्या लग्नात एक पेला फुटला होता. नाना तेव्हा समुद्रावर होते. ते परतायच्या आत नानी मुंबईला गेली आणि भेंडीबाजारात दुकाने पालथी घालून जवळपास तशाच नक्षीचा पेला घेऊन आली. नानांना शेवटपर्यंत सांगितले नाही. "त्यांना कळले नसेल?" मी विचारले. खाला म्हणाल्या, "ते त्याच पेल्यातून पाणी प्यायचे. कळले असले तरी बोलले नाहीत."

कौले मामूंनी कर्ज काढून बदलली. जग अजून त्यांच्याकडेच आहे, विकायचा की नाही ते ठरलेले नाही. सहावा पेला मी मागून घेतला. मामू म्हणाले, "बेटा, त्याला तर काहीच किंमत नाही, खरा घे की." मी तोच घेतला.